नागपूरच्या उन्हाळ्यात आयसोग्राफ: तीन वर्षांच्या वापरानंतर

नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांची मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे शाईत उतरवण्याचे काम मी काही वर्षांपासून करीत आहे. नकाशावरील ओसरी, माजघर, देवघर, बळद, न्हाणीघर ही नावेही मी हातानेच, देवनागरीत रेखतो. या कामासाठी तीन वर्षांपूर्वी मी रॉट्रिंगचे आयसोग्राफ हे पुन्हा शाई भरता येणारे पेन तीन जाडींत घेतले: ०.२५, ०.३५ आणि ०.५ मिलिमीटर. त्यांपैकी दोन शहरातील बर्डी या बाजारभागातल्या एका दुकानात मिळाले आणि तिसरे मागवावे लागले, कारण ऑटोकॅड हा संगणकावर नकाशे काढण्याचा प्रोग्राम आल्यापासून या वस्तूला गिऱ्हाईक उरलेले नाही, असे दुकानदाराने स्पष्टच सांगितले. तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे काढल्यानंतर या पेनांविषयी काही ठामपणे लिहिता येईल, असे वाटते.

आपल्याकडच्या आर्किटेक्चर महाविद्यालयांत ‘रॉट्रिंग’ हे एका कंपनीचे नाव आहे याचा जवळजवळ विसरच पडला होता. कोणत्याही कंपनीचे नळीच्या टोकाचे पेन असले तरी ते ‘रॉट्रिंग’च म्हटले जाई. ही कंपनी १९२८ साली हॅम्बुर्ग येथे सुरू झाली, आणि टोपणाजवळच्या ज्या तांबड्या कड्यावरून ती ओळखली जाते, त्याचाच अर्थ तिच्या जर्मन नावात आहे. १९५३ मध्ये तिने रॅपिडोग्राफ हे नळीच्या टोकाचे पेन बाजारात आणले. त्याआधी नकाशे शाईत करणाऱ्यांच्या हाती मुख्यतः दोन पात्यांची रेखणी असे. तिच्या पात्यांमध्ये थेंबाथेंबाने शाई भरायची, स्क्रू फिरवून जाडी ठरवायची आणि दर काही रेषांनंतर पुसून पुन्हा भरायची, हा सारा खटाटोप नळीच्या पेनाने संपवला. रेखणीने काढलेली रेषा आजही अधिक धारदार दिसते, असे म्हणणारे जुने ड्राफ्ट्समन मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु चाळीस खोल्यांच्या वाड्याचा नकाशा रेखणीने पुरा करण्याइतका धीर माझ्यात नाही.

या पेनाची रचना समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत आणि त्याचे नखरे दोन्ही कळत नाहीत. टोकाशी पोलादाची एक सरळ, पोकळ नळी असते, आणि रेषेची जाडी त्या नळीच्या बाहेरील व्यासावर ठरते. नळीच्या आत एक अतिशय बारीक तार असते. तिचे मागचे टोक एका छोट्या वजनात बसवलेले असते, आणि पेन हलवले की जो ‘टक टक’ आवाज येतो तो या वजनाचा. तार नळीच्या तोंडाबाहेर किंचित डोकावते. कागदाला टेकताच ती थोडी वर सरकते आणि शाईला वाट मिळते. नळी तुंबू नये म्हणून तिच्यात सतत ये-जा करणारी सळईही हीच. ०.२५च्या पेनातील तार माणसाच्या केसाहून फार जाड नसावी, इतकी ती नाजूक दिसते.

यापुढचा भाग मात्र दुकानात पेन हातात घेऊन कळत नाही. टाकीतून जितकी शाई बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते, नाहीतर प्रवाह थांबतो. आणि हवा गरजेपेक्षा जास्त दाब देऊ लागली, तर शाई थेंबाच्या रूपाने कागदावर उतरते. त्यासाठी निबेच्या, म्हणजे नळी आणि तार ज्यात बसतात त्या पुढच्या भागाच्या, देहाभोवती मळसूत्रासारखी एक लांब, अरुंद खाच कोरलेली असते. हवा त्या खाचेतून हळूहळू आत येते आणि टाकीतून जास्तीची शाई ढकलली गेली, तर ती याच खाचेत अडून राहते. माझ्या मते या पेनाचे खरे यंत्र हेच आहे. स्वस्त नकलेमध्ये नळी बरीचशी तशीच दिसते. फरक पडतो तो या खाचेच्या नेमकेपणात आणि टोपणाच्या बंदिस्तपणात, आणि नागपूरसारख्या गावात तो फरक पहिल्याच उन्हाळ्यात दिसून येतो.

याचा हिशेब साधा आहे. कूलरच्या खोलीत २८ अंशांवर असलेले पेन स्कूटरच्या डिकीत ठेवून महालात नेले, तर डिकीतील तापमान सहज ४८ अंशांवर जाते, आणि टाकीतील हवा सुमारे साडेसहा टक्क्यांनी फुगते. टाकीत एक मिलिलिटर हवा असेल, तर तिला ०.०६ मिलिलिटर जागा जास्त लागते, म्हणजे शाईचा एक चांगला टपोरा थेंब बाहेर ढकलण्याइतकी. टाकी जवळजवळ भरलेली असेल तर फुगायला हवाच थोडी, म्हणून काही घडत नाही; संकट येते ते अर्ध्याहून रिकाम्या टाकीचे. म्हणून मी बाहेर पडताना टाकी भरून घेतो (काठोकाठ मात्र नाही, नाहीतर बसवतानाच शाई बाहेर येते) आणि पेन निब वर करून खिशात उभे ठेवतो, जेणेकरून हवा निबेकडे राहील आणि फुगल्यावर शाईऐवजी तीच बाहेर जाईल. एवढी काळजी घेतल्यावर तीन वर्षांत आयसोग्राफने माझा एकही शर्ट खराब केलेला नाही. त्याआधी घेतलेल्या एका स्वस्त संचाने, ज्याच्या कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, दोन शर्ट आणि वाड्याच्या पहिल्या मजल्याचा पूर्ण झालेला नकाशा घालवला होता.

गळण्याच्या उलट बाजूला वाळणे आहे. मे महिन्यात दुपारी आपल्याकडील हवेतील आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत उघडे टाकलेले पेन चहा पिऊन येईपर्यंत बंद पडते. आयसोग्राफचे टोपण फिरवून घट्ट बसते आणि आतील बूच नळीच्या तोंडाभोवतीची हवा कोंडून ठेवते. एप्रिलअखेरीस बंद करून ठेवलेले ०.३५चे पेन मी जूनच्या मध्यास उघडले, तेव्हा दहा-बारा वेळा आडवे हलवल्यावर ते चालू झाले. ०.२५ला मात्र कोमट पाणी दाखवावे लागले. कूलरचा येथे दुहेरी परिणाम होतो, हे नागपूरबाहेरच्या वाचकांना कदाचित नवे वाटेल. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा निब वाळू देत नाही ही सोय झाली, परंतु त्याच हवेने ट्रेसिंग पेपर फुगून लाटा धरतो आणि शाई सुकायला वेळ लागतो. मग सेट स्क्वेअर सरकवताना रेषा फरफटते. मी आता शाईचे काम सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, कूलर सुरू होण्यापूर्वी उरकतो.

जाडींचे आकडे पहिल्यांदा विचित्र वाटतात: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४१४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतका आहे, आणि ए मालिकेच्या कागदांच्या बाजूही याच पटीने वाढतात. ए-२ कागदावर ०.५ने काढलेला नकाशा ए-३वर लहान केला, की ती रेषा ०.३५ची होते, आणि तीत काही दुरुस्ती करायची असल्यास ०.३५चे पेन तंतोतंत जुळते. महालातील एका कामात छोट्या प्रतीवर मला दोन भिंती नव्याने टाकाव्या लागल्या आणि नंतर त्या कोणत्या, हे मलाच ओळखता आले नाही. पेनावरील रंगाची कडीही याच मालिकेप्रमाणे असतात, ०.२५ला पांढरे, ०.३५ला पिवळे, ०.५ला तपकिरी. डोळे थकल्यावर आकडा वाचण्यापेक्षा रंग ओळखणे सोपे जाते.

अक्षरांच्या बाबतीत हे पेन मुळात रोमन लिपीसाठी विचारात घेतलेले आहे, हे जाणवत राहते. तांत्रिक रेखनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातील एका प्रकारात अक्षराच्या उंचीच्या दहाव्या भागाइतकी रेषा धरलेली आहे, म्हणजे ३.५ मिलिमीटरच्या कॅपिटल अक्षराला ०.३५चे पेन. हाच नियम देवनागरीला लावून मी ‘शयनकक्ष’ हा शब्द लिहिला, तेव्हा ‘क्ष’ची गाठ पूर्ण भरून काळा ठिपका झाला आणि ‘श’चीही तीच गत झाली. रोमन अक्षरांत पोकळ्या थोड्या आणि मोठ्या असतात, आपल्याकडे गाठी, काने, रफार आणि जोडाक्षरे एकाच उंचीत दाटीने राहतात. म्हणून ३.५ मिलिमीटरच्या देवनागरी अक्षराला मी ०.२५ वापरतो, आणि ०.३५ फक्त पाच मिलिमीटरच्या शीर्षकांना. शिवाय वर वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे दोन ओळींमधले अंतर रोमनच्या सवयीने ठरवल्यास ‘कु’चा उकार खालच्या ‘कि’च्या वेलांटीत अडकतो.

शिरोरेषा हा वेगळा विषय आहे. ती आधी काढावी की नंतर, यावर बोरूने लिहिणाऱ्यांचे आणि नळीच्या पेनाने रेखणाऱ्यांचे एकमत होणार नाही. बोरूच्या तिरक्या टोकामुळे आडवी रेघ आणि उभी रेघ वेगवेगळ्या जाडीच्या येतात आणि अक्षराला डौल मिळतो. नळीची रेषा सगळीकडे सारखीच, त्यामुळे डौल अक्षराच्या बांधणीतूनच आणावा लागतो. ही उणीव मी मानत नाही, नकाशावर अक्षराने मिरवू नये. परंतु एका जागी काळजी घ्यावी लागते: पेन टेकताना आणि उचलताना नळी क्षणभर थांबते आणि तेथे शाई थोडी जास्त उतरते. काना ओल्या शिरोरेषेला मिळाला, तर सांध्यावर गोळा तयार होतो. त्यामुळे मी पूर्ण ओळीची शिरोरेषा पट्टीने आधी ओढतो, ती सुकू देतो, आणि मग अक्षरे तिला खालून टांगल्यासारखी लिहितो. येथे नळीच्या रचनेचा एक लाभ आहे. तिचे टोक बारीक आणि मागचा भाग पायरीसारखा जाड असल्याने, पट्टीची कड किंचित उचललेली असेल तर शाई पट्टीखाली ओढली जात नाही. स्टेन्सिलच्या खाचेतही ही पायरी उपयोगी पडते. पेन मात्र कागदावर जवळजवळ काटकोनात धरावे लागते. बॉलपेनची सवय असलेल्या हाताला हे महिनाभर जड जाते, आणि तिरपे धरल्यास नळी एका बाजूने झिजून रेषा दोन्ही दिशांना सारखी येत नाही.

शाईबद्दल थोडक्यात. या पेनात काजळीचे सूक्ष्म कण असलेली, तांत्रिक पेनांसाठीच बनवलेली शाई घालावी. ती ट्रेसिंग पेपरवर गडद बसते आणि सुकल्यावर पाण्याने हलत नाही. चित्रकारांच्या जुन्या ड्रॉइंग इंकमध्ये पळसावर मिळणाऱ्या लाखेचा अंश असू शकतो. बोरूला आणि टाकाला ती उत्तम, पण नळीत सुकली तर निब गेलीच म्हणून समजावे.

सफाईत मी स्वतः केलेली चूक सांगणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षी ०.२५ची निब तुंबली, तेव्हा मी ती पूर्ण उघडून तार बाहेर ओढली आणि पुन्हा आत घालताना वाकवली. इतक्या बारीक जाडीत तार पुन्हा नळीत घालणे हे सामान्य माणसाचे काम नाही, आणि पेनाबरोबरच्या सूचनांकडे मी लक्ष दिले नव्हते. त्यानंतर मी निब न उघडता कोमट पाण्यात रात्रभर ठेवतो, पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकतो आणि सकाळी स्वच्छ पाण्याने धुतो. फारच अडली, तर ओळखीच्या चष्म्याच्या दुकानातील अल्ट्रासॉनिक यंत्रात पाच मिनिटे ठेवून आणतो. दुकानदार पैसे घेत नाही, पण दरवेळी नकाशा बघायला मागतो.

किमतीबाबत तक्रार करावी तर ती वाकलेल्या निबेच्या वेळी. नवी निब जवळजवळ पूर्ण पेनाच्या किमतीत पडते, त्यामुळे पेनाची नळकांडी, टोपण आणि टाकी वाचवल्याचे समाधान फक्त नैतिक स्वरूपाचे राहते. दुसरीकडे, फायबरच्या टोकाची वापरून फेकायची पेने ट्रेसिंग पेपरवर मला एका नकाशाला दोन लागत, आणि शेवटच्या खोल्यांपर्यंत त्यांचे टोक दबून ०.३ची रेषा डोळ्यांना ०.४ वाटू लागे. रॅपिडोग्राफमध्ये टाकीऐवजी बदलायची कार्ट्रिज असते. महिन्यातून एकदा पेन हाती घेणाऱ्याला ती सोयीची. मी आठवड्यातून चार दिवस नकाशे काढतो, म्हणून बाटलीतून शाई भरणे मला स्वस्त पडते. ड्राफ्टिंग फिल्मवर, म्हणजे कागदाऐवजी प्लास्टिकच्या पातळ पानावर, काम करणाऱ्यांनी मात्र साधी पोलादी नळी घेऊ नये; फिल्मचा खरबरीत पृष्ठभाग तिला कानशीसारखा घासतो, आणि त्यासाठी कठीण टोकाच्या वेगळ्या निबा असतात.

नव्याने घेणाऱ्याने पूर्ण संच घेण्याच्या मोहात पडू नये. ०.३५ आधी घ्यावे, सहा महिन्यांनी ०.५, आणि हात सरळ धरण्याची सवय झाल्यावर ०.२५. ०.१३चे पेन मी दुकानात दोनदा हातात घेऊन परत ठेवले आहे. ०.२५ला जूनमध्ये जे लागले ते पाहता, त्याहून निम्म्या नळीचे पेन मला येथे बहुधा दिवाळी ते होळीपर्यंतच वापरता येईल.