निगेटिव्हवरचे पाण्याचे डाग: शेवटचं पाणी कोणतं?

घरी फिल्म धुताना डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) जमतो, फिक्सर (ते पक्कं करणारं) जमतो आणि शेवटच्या पाण्यातून काढून वाळवलेल्या निगेटिव्हवर नेमके आकाशाच्या जागी पांढुरके गोल उमटतात. थेंब आटला की त्यातले क्षार मागे राहतात. बाथरूमच्या नळावर बसतो तोच हा थर.

नळाचं पाणी आणि त्यात कोडॅकचं फोटो-फ्लो किंवा इल्फर्डचं इल्फोटॉल (पाणी पसरवणारं, साबणासारखं द्रव), हा सगळ्यात सोपा मार्ग. पाणी थेंब न धरता सरळ खाली उतरतं, पण क्षार काही नाहीसे होत नाहीत. मुंबईत तलावाच्या पाण्यावर भागून जाईल. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे नाही भागत.

नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेतलं तर क्षारांचा प्रश्न सुटतो, मात्र थेंब अडून बसतात. आरओचं पाणी त्याला पर्याय नाही. चवीसाठी त्यात बऱ्याचदा थोडं मूळ पाणी मिसळलेलं असतं.

मी डिस्टिल्ड वॉटर आणि फोटो-फ्लो दोन्ही एकत्र वापरतो. पॅटरसनच्या टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली लागतं; १:२०० च्या हिशेबाने त्यात जेमतेम दीड मिली फोटो-फ्लो. औषधाच्या दुकानातली २ मिलीची सिरिंज यासाठी उत्तम. ‘थोडं जास्त घालू’ म्हणालात की फिल्मवर तेलकट ओघळ आलेच. प्लास्टिकच्या रिळावरून फिल्म आधी सोडवा आणि वाडग्यात अर्धा मिनिट बुडवा, नाहीतर रीळ चिकट होतं आणि पुढचा रोल त्यात अडकतो. ढवळू नका, फेस होतो.

स्क्वीजीने (फिल्मवरचं पाणी निपटणाऱ्या रबरी पात्यांनी) झटपट काम होतं, यात वाद नाही. पण रबरात वाळूचा एक कण अडकला की छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर एकच सरळ रेघ. माझा एक रोल असाच गेला. त्यापेक्षा फिल्म तिरकी टांगा, पाणी कडेकडेने निथळतं.

डाग पडलेच असतील तर आधी फिल्म उजेडात तिरकी धरा. चमकदार बाजूला असतील तर तोंडाची वाफ सोडून मायक्रोफायबरने हलकेच पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल बोटांच्या ठशांसाठी ठीक, क्षार त्यात विरघळत नाहीत. इमल्शनच्या, म्हणजे चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराच्या बाजूला डाग असेल तर पुसायचं नाहीच. डिस्टिल्डमध्ये पुन्हा भिजवून वाळवायचं. तरीही गेला नाही तर जिलेटिन तिथे असमान वाळलेलं असतं. मग स्कॅन केल्यावर कॉम्प्युटरवर रिटचिंग करत बसा.