जेवण बाहेर, पण गोड कुठे? सांगलीत आठ माणसांची बासुंदी ठरवताना

रविवारी इचलकरंजीहून नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं येणार होती. आम्ही घरचे चौघं, म्हणजे पानं आठ. जेवायला बाहेर जायचं हे पटकन ठरलं. आठ जणांचा सगळा स्वयंपाक उरकून मग गप्पांना बसलं की गप्पांत जीव राहत नाही. घोडं अडलं ते गोडावर. तिथेच मागवायचं, की घरी करून ठेवायचं? हा प्रश्न आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं मत पक्कं आहे, पण ते पदार्थागणिक बदलतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक फरक ध्यानात घ्या. आपल्या ताटात गोड शेवटी येत नाही. वरणभात झाला की पुरी येते ती बासुंदी नाहीतर श्रीखंडाबरोबरच. जेवणाच्या मध्यावर, भूक अजून शिल्लक असताना. हॉटेलात मात्र गोड मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर असतं. वेटर विचारायला येतो तेव्हा सूप, स्टार्टर, रोटी, बिर्याणी सगळं होऊन पोट तट्ट झालेलं असतं. मग आठ माणसांत चार वाट्या आणि आठ चमचे मागवले जातात. त्यामुळे ‘माणशी एक वाटी’ हा हिशेब हॉटेलात सहसा लागू पडत नाही. चार वाट्यांत भागतं. हे हॉटेलाच्या बाजूने सांगायला हवं, कारण खर्चाची तुलना करताना आपण ते विसरतो.

आता खर्च. मागच्या खेपेला आम्ही गेलो तिथे बासुंदीची वाटी ९० रुपयांना होती. आठ वाट्यांचे ७२०, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७५६. चारच घेतल्या तर ३७८. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसे निर्देश दिले आहेत. घरी करायची तर म्हशीचं दोन लिटर दूध १४० रुपये, दीडशे ग्रॅम साखर ७ रुपये, बदाम-पिस्ते-वेलदोडा धरून साठ. गॅस किती जातो याची धास्ती उगाच घेतली जाते. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर किलोला त्रेसष्ट रुपये पडतात, आणि सव्वा तासात पाव किलोही गॅस जळत नाही. म्हणजे फार तर १५ रुपये. एकूण सव्वादोनशेच्या आत आठ भरलेल्या वाट्या. पैशात घर जिंकतं, पण चारच वाट्या घेणार असाल तर फरक दीडशे रुपयांचा उरतो. तेवढ्यासाठी सव्वा तास कढईपाशी उभं राहायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्यापुरतं सांगायचं तर मी पैशांसाठी उभी राहत नाही, मी उभी राहते ती चवीसाठी.

ही चव कुठून येते ते सांगते. जाड बुडाची पसरट कढई घ्यायची. भांडं जितकं पसरट तितकं पाणी लवकर उडतं. दूध उकळलं की आच मध्यम करायची. कडेला साय धरते, ती उलथन्याने खरवडून परत दुधात सोडायची. पाच मिनिटांनी पुन्हा. पहिली वीस मिनिटं काही होतंय असं वाटतच नाही. मग दुधाचा रंग पांढऱ्यावरून हस्तिदंतीकडे झुकायला लागतो, वास बदलतो, बुडबुडे लहान आणि जड होतात. दोन लिटरचं एक लिटर झालं की साखर घालायची. साखर घातल्यावर बासुंदी क्षणभर पातळ होते, घाबरायचं नाही, आणखी सात-आठ मिनिटं आटवायची. कडेची ती साय शेवटी पाकळ्यांसारखी दाताखाली येते. घरची बासुंदी ओळखायची खूण तीच.

दूध कुठलं घेता यावर निम्मं यश आहे. पिशवीवर वाचा. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि त्याव्यतिरिक्त ९ टक्के घनपदार्थ असतात, टोन्ड दुधात ३ आणि साडेआठ. म्हणजे एकात शंभराला पंधरा भाग घट्ट माल, दुसऱ्यात साडेअकरा. टोन्ड दूध दीड तास आटवलं तरी ती दाटी येत नाही, मग लोक मिल्क पावडर घालतात. सांगलीकरांनी तरी ही तडजोड करू नये. कृष्णाकाठ हा दुधाचा पट्टा आहे, चितळ्यांच्या डेअरीची सुरुवातही इथल्या भिलवडीतच १९३९ साली झाली. म्हशीचं ताजं दूध इथे शोधत फिरावं लागत नाही.

हॉटेलातली बासुंदी वाईटच असते असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी दूध खरोखर आटवतात. पण एकदा आम्हाला जी मिळाली ती चमच्यावरून खिरीसारखी न ओघळता गोळ्याने पडत होती. साय औषधालाही नव्हती आणि जिभेवर पिठूळ थर राहत होता. कॉर्नफ्लॉवर घातलं की असं होतं. शंका असेल तर चमचाभर बासुंदी पाण्यात पातळ करून पूर्ण गार झाल्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पिठाचा अंश असेल तर निळा रंग येतो. हॉटेलात बसून असलं कुणी करत नाही, पण पार्सल आणलं तर करता येतं. कॉर्नफ्लॉवर पोटाला घातक नाही. पण त्याला बासुंदी म्हणून ९० रुपये घेऊ नयेत, एवढंच.

घरच्या बासुंदीला धोका एकच, ती लागते. गेल्या दिवाळीत कढई गॅसवर असताना मी दारात आलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोलत राहिले. बूड धरलं आणि करपट वास सगळ्या दुधात उतरला. केशर, वेलदोडा, जायफळ, कशानेही तो वास जात नाही. दोन लिटर दूध ओतून द्यावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, घरात लहान मूल असेल, फोन सारखा वाजत असेल, तर बासुंदीच्या वाटेला जाऊ नका.

तेव्हा श्रीखंड करा. नोकरी करणाऱ्यांना घरच्या गोडात याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. रात्री दही पंचात बांधून टांगलं की सकाळी चक्का तयार. उन्हाळ्यात मात्र बाहेर टांगू नका, आंबट होतो. चाळणीत ठेवून फ्रीजमध्ये निथळत ठेवा. तेवढंही नको असेल तर डेअरीतून चक्का किलोवर मिळतो. चक्क्याइतकी साखर असं जुनं प्रमाण आहे, मी पाऊणपट घालते. तासभर मुरू द्यायचं, मग पुरणयंत्रातून काढायचं. हाताचं काम वीस मिनिटांचं. हॉटेलात बहुतेक वेळा डब्यातलंच श्रीखंड वाटीत काढून येतं, तेव्हा ते तिथे मागवण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि एक पदार्थ असा आहे जो हॉटेलात मागवायचा प्रश्नच येत नाही, कारण तो तिथे नसतोच. खपली गव्हाची खीर. आमच्या मिरज-जतकडे कानडी वळणाने तिला हुग्गी म्हणतात. सडलेली, म्हणजे कांडून साल काढलेली खपली रात्रभर भिजवायची, कुकरला मऊ शिजवायची, मग गूळ, ओलं खोबरं, सुंठ, वेलदोडा. दूध गरम खिरीत घालायचं नाही, गुळामुळे फाटतं. ताटात वाढल्यावर वरून घ्यायचं, तूपही तेव्हाच. बेदाणे तुपात परतले की टम्म फुगतात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तो मूठ भरून घालावा, हॉटेलासारखे मोजून चार नकोत. फक्त आधी नीट धुऊन घ्या, द्राक्षं सुकवताना डिपिंग ऑइल वापरलेलं असतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर मी डोळे झाकून हुग्गी करते. त्यांना बासुंदी कुठेही मिळेल.

हॉटेल कुठे जिंकतं तेही सांगते. जिलेबीत निर्विवाद. आंबवलेलं पीठ, सपाट कढई, हाताचं वळण आणि पाकाची अचूक तार, हे वर्षातून एकदा करून जमत नाही. गरम जिलेबी बाहेरच खावी, मठ्ठा हवा तर घरी घुसळावा. गुलाबजामचंही साधारण तेच. पाव किलो खव्याला पाकाचं पातेलं, तळणीची कढई, तीस-पस्तीस गोळे, आणि पहिला गोळा तेलात विरघळला की पुढचं गणित बिघडतं. आठ जणांसाठी एवढा पसारा मांडू नये. हॉटेलात मागवताना मात्र पाकासकट गरम करून द्या असं सांगा, नाहीतर बाहेरून चटका आणि आत गारेगार असा येतो.

आइस्क्रीम घरच्या फ्रीजरमध्ये न ढवळता लावलं की बर्फाचे कण होतात. लाकडी पॉट, बर्फ, खडेमीठ आणि हँडल फिरवायला मुलांची फौज असेल तर घरच्यासारखं आइस्क्रीम दुसरं नाही, पण तो एका दुपारचा कार्यक्रम होतो. बाहेर घेताना नाव वाचा. आइस्क्रीम म्हटलं की त्यात किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो, ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये वनस्पती तेल चालतं. सिझलिंग ब्राउनी मुलांना धूर बघायला हवी असते, ती हॉटेलातच घ्या.

एक तिसरा रस्ता इथल्या लोकांना आहेच. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाणारं कुणी असेल तर येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी आणायला सांगायची. बासुंदीसाठी मात्र घरचा स्टीलचा डबा आणि बर्फाची पिशवी सोबत द्या. मेच्या उन्हात दोन-तीन तास गाडीत राहिलेली बासुंदी मी लहान मुलांना देत नाही.

साखरेचा मुद्दा सासूबाईंमुळे आमच्याकडे मोठा आहे. त्यांना मधुमेह आहे. हॉटेलात वाटीत किती साखर गेली हे कळायला मार्ग नाही. घरी मी साखर घालण्याआधी आटलेलं दूध त्यांच्यासाठी वाटीभर काढून ठेवते, वरून वेलदोडा. सगळ्यांबरोबर त्यांच्या हातात वाटी असते, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

शेवटचा आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा निकष, ढवळणार कोण. घरी करू या असं म्हणणारा एक आणि कढईपाशी उभी राहणारी दुसरी, असं असेल तर सरळ हॉटेलात मागवा आणि मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे आता ठरलंय. दूध मी आणते, पहिली चाळीस मिनिटं हे ढवळतात, साखरेपासून पुढचं माझ्याकडे. मुलगी बदाम कापते.

त्या रविवारी आम्ही मिरज रोडवर जेवलो आणि गोड मागवलं नाही. बासुंदी शनिवारी रात्रीच आटवून फ्रीजमध्ये ठेवली होती. विश्रामबागला घरी आलो, तासभर गप्पा झाल्या, पोटात थोडी जागा झाली. मग वाट्या काढल्या. नणंदेच्या धाकट्याने साय बाजूला काढून ठेवली. मला वाटलं त्याला आवडत नसेल. तो ती शेवटी खाणार होता.