पिशवी काढल्यानंतर रेडिएशन: बाहेरून, आतून की नकोच?

पाळी जाऊन वर्षं झाली आणि अचानक पुन्हा रक्त जायला लागलं. तपासणीत गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघाला, पिशवी काढली. टाके भरत आले की पुढचा प्रश्न येतो: रेडिएशन घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं? वाटा तीन आहेत. काहीही न देता ठरलेल्या वेळी तपासणी, योनीमार्गातून आतून दिलेलं रेडिएशन म्हणजे ब्रेकीथेरपी, किंवा सगळ्या ओटीपोटाला बाहेरून दिलेलं रेडिएशन.

आजार पिशवीपुरताच होता, अशा बायकांसाठी हे लिहितेय. तो लसिकाग्रंथींपर्यंत पोचला असेल किंवा पेशी सीरससारख्या आक्रमक जातीच्या असतील, तर बाहेरून रेडिएशन आणि केमोचा हिशेब वेगळा असतो. तिथे पुढच्या त्रासाच्या धास्तीने उपचार टाळू नका.

या तीन वाटांची सर्वांत चांगली तुलना नेदरलँड्समध्ये झाली आहे. १९९० ते १९९७ या काळात ‘पोर्टेक-१’ अभ्यासात ७१४ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना बाहेरून रेडिएशन दिलं, बाकीच्यांना शस्त्रक्रियेनंतर काहीच दिलं नाही. पंधरा वर्षांनी पाहिलं तर योनीत किंवा ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांमध्ये ६ टक्क्यांच्या आत होतं, न घेतलेल्यांमध्ये साडेपंधरा टक्के. आयुष्य मात्र रेडिएशनने वाढलं नाही. परतलेला आजार बहुतेकींच्या योनीतच होता आणि तिथे तो बरेचदा उपचाराने आटोक्यात येतो.

आता दुसरी बाजू. शस्त्रक्रियेला दहा-पंधरा वर्षं झाल्यावर, हयात असलेल्या स्त्रियांना प्रश्नावल्या पाठवल्या. २४६ जणींनी त्या भरून दिल्या. लघवी न धरवणं, पातळ शौच, नकळत शौच होणं, हे सगळं बाहेरून रेडिएशन घेतलेल्यांमध्ये स्पष्टपणे जास्त होतं. दिवसरात्र पॅड वापरावं लागणाऱ्या त्यांच्यात ४२.९ टक्के, दुसऱ्या गटात १५.२ टक्के. म्हणजे कर्करोग कधीच मागे पडलेला, पण उपचाराचा त्रास रोज सोबत.

आपल्याकडे हा आकडा कसा दिसतो तेही सांगते. एसटीत बसायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर आधी संडास कुठे आहे ते बघणं. हातातल्या पिशवीत जादा परकर ठेवणं, आणि मग हळूहळू ‘तुम्हीच जा, मी घर बघते’ म्हणायला लागणं. सून आणि लेकीलाही खरं कारण माहीत नसतं. फॉलोअपला डॉक्टर विचारतात ‘काही त्रास?’ आणि बाई सांगते, ‘नाही, बरी आहे.’ म्हणून सुरुवातीलाच ठरवताना हा विषय मोकळेपणाने काढा.

आतून दिलेल्या रेडिएशनचं काय? ‘पोर्टेक-२’ मध्ये ४२७ स्त्रियांवर, मध्यम ते जास्त धोक्याच्या गटात, आतून आणि बाहेरून यांची थेट तुलना झाली. पाच वर्षांत योनीत आजार परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे २ टक्क्यांच्या आत. ओटीपोटाच्या ग्रंथींमध्ये परतण्याचं प्रमाण आतून घेतलेल्यांत थोडं जास्त, ३.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. जगण्याच्या प्रमाणात मात्र खरा फरक नव्हता. सात वर्षांनी विचारलं तेव्हा घाईघाईने शौचाला धावावं लागणाऱ्या बाहेरून घेतलेल्यांमध्ये २३ टक्के, आतून घेतलेल्यांमध्ये साडेसहा टक्के. पोटाच्या त्रासाने रोजचे व्यवहार अडणाऱ्या साडेदहा टक्के, आणि दुसरीकडे एक टक्काही नाही.

कष्टही वेगळे. बाहेरून म्हणजे त्या अभ्यासात तेवीस फेऱ्या, आठवड्याला पाच. आतून म्हणजे साधारण आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. बोटाएवढी किंवा थोडी जाड गुळगुळीत नळी योनीत ठेवतात, मशीनमधून बारीक किरणोत्सर्गी तुकडा तारेवर आत येतो, काही मिनिटं थांबतो आणि परत जातो. बहुधा भूल लागत नाही. लाज वाटते, ताण येतो, पण दुखणं बेताचं असतं. खोलीत त्या वेळी तुम्ही एकट्याच असता, बाहेरून स्टाफ कॅमेऱ्यावर बघत असतो. हे आधी कळलं की निम्मी भीती जाते.

आतून घेतल्याने त्रास अजिबात होत नाही असं मात्र नाही. योनी कोरडी पडते, आकसते. लैंगिक जीवनाबाबत दोन्ही गटांत फरक आढळला नाही, आणि दोन्हीकडे ते त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा कमीच होतं. डायलेटर, म्हणजे योनी आकसू नये म्हणून वापरायची गुळगुळीत नळी, कसा आणि किती वेळा वापरायचा हे कुणी सांगितलं नाही, तर तुम्हीच विचारा. नवऱ्याशी संबंध नसले तरी विचारा, कारण पुढची तपासणी नीट होण्यासाठीही मार्ग मोकळा राहावा लागतो.

मग निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टर म्हणत असतील की आतून पुरेसं आहे, तर ‘जास्त दिलेलं बरं’ म्हणून बाहेरून मागू नका. काहीच नको म्हणण्याआधी रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा: वय साठच्या पुढे, ग्रेड तीन (म्हणजे पेशी जास्त आक्रमक), आणि गाठ पिशवीच्या भिंतीत निम्म्याहून खोल. यातल्या दोन असतील, तर उपचाराविना दहा वर्षांत आजार तिथेच परतण्याचं प्रमाण २३ टक्के होतं. तो परतला तर बहुधा बाहेरून आणि आतून दोन्ही घ्यावं लागतं, म्हणजे जे टाळायचं तेच नशिबी येतं. एकही नसेल, तर निर्धास्तपणे नियमित तपासणीवर राहा.

बाहेरून घ्यावंच लागलं, तर कोणत्या तंत्राने ते विचारा. डच आकडे जुन्या तंत्राचे आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ‘पार्सर’ अभ्यासात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर, रोज प्रतिमा पाहून दिलेलं आयएमआरटी (आजूबाजूच्या अवयवांना किरण कमी लागावेत असं नवं तंत्र) आणि आधीचं थ्रीडी तंत्र यांची तुलना केली. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा जास्त त्रास २१ टक्के विरुद्ध ४२ टक्के. कर्करोग वेगळा, पण आतडी त्याच जागी असतात आणि किरण त्याच भागातून जातात.

आणि पिशवीच्या ब्लॉकवर, म्हणजे तपासणीसाठी मेणात जपलेल्या तुकड्यावर, पी५३, एमएमआर आणि शक्य असेल तिथे पोल या गाठीचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्या झाल्या आहेत का, हे रेडिएशनची तारीख घेण्याआधी विचारा. सुरुवातीच्या टप्प्यात पोल जनुकात बदल सापडलेल्यांना अनेकदा पुढे काहीच द्यावं लागत नाही.