दोन सीटचा पॉवर्ड पॅराशूट: आधी टांगणी बघा, मग इंजिन

पॉवर्ड पॅराशूट म्हणजे पॅराशूटच्या पंखाखाली टांगलेली, इंजिनावर उडणारी चाकांची गाडी. सेकंडहँड दोन सीटचा घ्यायचा असेल, तर इंजिनाच्या आधी वरची टांगणी, म्हणजे पंख गाडीला जिथे अडकवतात ती जागा, तपासा. गोव्यातल्या मालिम जेटीवर होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करून पोट भरणारा मी हे सांगतोय.

पेडण्यातल्या ओळखीच्या एकाने असा पॅराशूट घेतला आणि मला बघायला बोलावलं. पायलट पुढे, प्रवासी त्याच्या पाठीमागे. मागची सीट जवळजवळ टांगणीच्या खालीच येते, त्यामुळे मागे कोणी बसो वा न बसो, गाडीचा तोल फारसा ढळत नाही. मला सगळ्यात आवडली ती हीच मांडणी. पुढच्या माणसाच्या वजनाप्रमाणे मात्र टांगणी पुढेमागे सरकवावी लागते. त्यासाठी पट्टीवर भोकांची रांग आहे. चुकीच्या भोकात अडकवली, तर नाक खाली झुकतं आणि उतरताना पुढचं चाक आधी आपटतं. या मशीनची दोन भोकं घासून लांबट झाली होती. ती पट्टी बदलायलाच हवी, त्यात तडजोड नाही.

इंजिन रोटॅक्स ५८२, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, सुमारे ६५ हॉर्सपॉवरचं. दर सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या इग्निशन, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणा. एकेक बंद करून पाहिली. आरपीएम जरासे उतरले, इंजिन चालतच राहिलं. मशीन विकत घेताना ही चाचणी समोर करून मागा. इंजिन प्रवाशाच्या पाठीशीच असल्याने आवाज कानठळ्या बसवणारा आहे, इंटरकॉमच्या हेल्मेटशिवाय बसू नका.

पंख साधारण ५०० चौरस फुटांचा. मोपा आणि दाबोळी हे दोन्ही विमानतळ फार लांब नाहीत, त्यामुळे परवानगीचे कागद येईपर्यंत उडायचं नाही, हे मालकाचं ठाम मत, आणि ते मला पटतं. म्हणून सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, फक्त पंख फुगवून पाहिला. मधले कप्पे आधी भरतात, टोकाचे शेवटी, फट् आवाज करत. सगळे कप्पे उघडले, दोऱ्यांत गुंता नाही, एवढं बघितल्यावरच पूर्ण थ्रॉटल द्यायचा. वेग पंख ठरवतो, ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. थ्रॉटल दिला की गाडी वर चढते, कमी केला की खाली येते. वळायला पायाखालचे दांडे, आणि उतरताना दोन्ही एकदम दाबायचे. शिकायला इतकं सुटसुटीत यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

तक्रार एकच, पण गोव्यात ती मोठी. आधीच्या मालकाने हे किनाऱ्यावर उडवलं असावं. पंख उलटा धरून झटकला, तर मागच्या कडेला साचलेली वाळू सांडली. वाळू कापड घासते, वजन वाढवते. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर स्टीलच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी धरली होती. खारं पाणी दोन धातूंच्या जोडावर हेच करतं. बोल्ट काढून साफ केले, प्रत्येकाखाली ग्रीस लावलं. पंख उन्हात वाळत घालू नका, नायलॉन उन्हाने कुजतं.