अमेरिकेतल्या रानात फुकट मुक्काम: नॅशनल फॉरेस्ट, बीएलएम की तिसरे काही?

अमेरिकेतल्या नावाजलेल्या नॅशनल पार्कांमध्ये उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडचे आरक्षण मिळणे किती कठीण असते, हे तिथे जायचे ठरवणाऱ्याला पहिल्याच प्रयत्नात कळते. त्याच पार्काच्या हद्दीबाहेर मात्र पुष्कळदा अशी सरकारी जमीन असते, जिथे आरक्षण नाही, भाडे नाही, आणि नळ, संडास किंवा कचरापेटी यांपैकीही काही नाही. अशा जागी तंबू ठोकून किंवा गाडीतच मुक्काम करण्याला तिथे ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात आणि नियम पाळले तर ते पूर्णपणे कायदेशीर आहे. अडचण एवढीच की ही सगळी जमीन एका खात्याची नाही. खाते बदलले की हंगाम, रस्ते, नियम आणि जागा शोधण्याची पद्धत हे सारे बदलते. म्हणून सर्वांत सुंदर जागा कुठली, हे पाहण्याआधी आपल्या तारखांना आणि आपल्या गाडीला कोणाची जमीन मानवेल, हे ठरवावे असे माझे मत आहे.

निवड मुख्यतः दोन खात्यांमध्ये होते. पहिले म्हणजे कृषी खात्याच्या अखत्यारीतील फॉरेस्ट सर्व्हिस. १९०५ साली स्थापन झालेल्या या खात्याकडे १५४ नॅशनल फॉरेस्ट आणि २० नॅशनल ग्रासलँड मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे. दुसरे म्हणजे इंटिरिअर खात्याच्या, म्हणजे सरकारी जमिनी आणि नैसर्गिक साधनसंपत्ती सांभाळणाऱ्या खात्याच्या, अखत्यारीतील ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजेच बीएलएम. जनरल लँड ऑफिस आणि ग्रेझिंग सर्व्हिस ही दोन कार्यालये एकत्र करून ते १९४६ मध्ये निर्माण झाले आणि त्याच्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे, पण ती जवळजवळ सगळी पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात. फॉरेस्ट सर्व्हिसकडे प्रामुख्याने डोंगर, लाकूड आणि नद्यांचे उगम आले. बीएलएमकडे बव्हंशी ती जमीन उरली, जी शेतीसाठी कोणी मागितली नाही आणि जंगलात किंवा पार्कातही गेली नाही. एकीकडे पाइनची सावली आणि दुसरीकडे क्षितिजापर्यंत सेजब्रशची खुरटी झुडुपे, हा दोहोंतला ढोबळ फरक या इतिहासातून आलेला आहे.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो कॅलेंडरवर. ॲरिझोना हे एकच राज्य घेतले तरी पुरे. फ्लॅगस्टाफभोवतीचे कोकोनिनो नॅशनल फॉरेस्ट सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. जून-जुलैत तिथे पाँडेरोसा पाइनखाली रात्री अंगावर पांघरूण लागते आणि हिवाळ्यात बर्फामुळे आतल्या अनेक रस्त्यांची फाटके बंद होतात. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला, १,००० फुटांहूनही कमी उंचीवर, क्वार्टझाइट गाव आहे. त्याच्याभोवतीच्या बीएलएमच्या वाळवंटी जमिनीवर हिवाळाभर मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, घेऊन आलेल्यांची वस्ती पसरलेली असते आणि उन्हाळ्यात तिथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने माणूस दिसत नाही. त्यामुळे जंगल चांगले की वाळवंट, या प्रश्नाला जानेवारीत एक उत्तर असते आणि जुलैत दुसरे. वसंत आणि शरद ऋतूंत मात्र खरी निवड करता येते, आणि तेव्हा गाडी निर्णायक ठरते.

रस्त्यांच्या बाबतीत नॅशनल फॉरेस्टची बाजू मला स्पष्टपणे वरचढ वाटते, कारण तिथे काय चालते आणि काय नाही हे कागदावर लिहिलेले असते. २००५ च्या नियमानंतर प्रत्येक जंगलासाठी ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ हा नकाशा निघू लागला. तो फुकट मिळतो, अव्हेन्झासारख्या ॲपमध्ये उतरवून घेतला की मोबाइलला रेंज नसतानाही चालतो, आणि दिसायला अगदी रूक्ष, काळापांढरा असतो. डोंगरांच्या छटा नाहीत, प्रेक्षणीय स्थळे नाहीत. पण ज्या रस्त्याच्या दोन्ही कडांना बारीक ठिपक्यांची ओळ दिसते, त्या रस्त्यालगत ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत नेऊन मुक्काम करता येतो. हे अंतर नकाशावरच्या तक्त्यात दिलेले असते आणि बरेचदा १५० किंवा ३०० फूट असते. जो रस्ता नकाशावर नाही, तो जमिनीवर चांगला मळलेला दिसला तरी गाडीसाठी बंद समजायचा. प्रत्यक्ष फाट्यावर पोचल्यावर आणखी एक खूण उपयोगी पडते: रस्त्याचा क्रमांक आडव्या पाटीवर लिहिलेला असेल तर तो सहसा साध्या मोटारीला झेपतो, आणि अरुंद उभ्या पट्टीवर अंक एकाखाली एक लिहिलेले असतील तर जमिनीपासून तळ उंच असलेली गाडी हवी. साधी सेडान घेऊन निघालेल्याने उभी पट्टी दिसताच मागे वळण्यात काहीही कमीपणा नाही.

बीएलएमच्या जमिनीवर मोकळीक अधिक आणि लेखी मार्गदर्शन कमी. जिथे पूर्वी लोक राहिलेले आहेत अशाच जागी राहावे, नवी वाट पाडू नये, पाण्यापासून सुमारे २०० फूट दूर राहावे, एवढे साधारण नियम असतात. बाकी तपशील बीएलएमच्या त्या त्या स्थानिक फील्ड ऑफिसने ठरवलेला. सपाट, उघड्या जमिनीमुळे मोठा ट्रेलर वळवणे इथे सोपे जाते, मोबाइलची रेंजही जंगलातल्या दरीपेक्षा बरी मिळण्याचा संभव असतो. मात्र सावली नाही, वारा अडवायला काही नाही, आणि कोरडा ओढा सपाट दिसतो म्हणून त्यात तंबू ठोकण्याचा मोह जिवावर बेतू शकतो, कारण पाऊस वीस मैलांवर पडला तरी लोंढा तिथून येतो.

मुदतीबाबत दोन्हीकडे फार फरक नाही. बीएलएमवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस राहता येते आणि मग पुष्कळ ठिकाणी किमान २५ मैल दूर हलावे लागते. जंगलांतही १४ दिवसांची मर्यादा सर्रास आढळते, पण ती जंगलागणिक बदलते. अख्खा हिवाळा एका जागी काढायचा असेल तर बीएलएमने ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी वेगळी क्षेत्रे ठेवली आहेत, परंतु त्यांना शुल्क आहे.

प्रसिद्धीचा परिणाम दोन्ही खात्यांच्या जमिनींवर सारखाच झाला आहे, आणि जुन्या माहितीवर विसंबणाऱ्याने याची विशेष दखल घ्यावी. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीच्या पायथ्याजवळचे अलाबामा हिल्स हे बीएलएमचे क्षेत्र एके काळी कुठेही गाडी लावून राहण्यासाठी ओळखले जाई. २०१९ मध्ये त्याला नॅशनल सीनिक एरियाचा दर्जा मिळाला आणि आता तिथे नेमून दिलेल्या जागांवरच, परवाना घेऊन राहता येते. युटा राज्यातल्या मोआबच्या आसपास बीएलएमने मोठ्या भागात नेमलेल्या जागांचे बंधन घातले आहे, आणि अनेक ठिकाणी सोबत फिरता संडास असणे सक्तीचे आहे. सेडोनाजवळच्या कोकोनिनो जंगलातही काही रस्त्यांवरची मोकळीक संपून ठरावीक जागा उरल्या आहेत. ज्या जागेचे छायाचित्र सगळीकडे फिरते, त्या जागेचे नियम बदललेले असण्याची शक्यता सर्वाधिक, हे गृहीत धरूनच शोध सुरू करावा.

या दोन खात्यांपलीकडचे पर्याय थोडक्यात असे. नॅशनल पार्काच्या आतल्या रानात राहायला जवळपास नेहमीच परवाना लागतो आणि अनेक पार्कांत त्याचे शुल्क पडते, म्हणून फुकटाच्या यादीत ते क्वचितच बसते. १९६४ च्या कायद्याने संरक्षित झालेली वाइल्डरनेस क्षेत्रे अनेकदा याच दोन खात्यांच्या जमिनीत असतात. तिथे मोटार जात नाही, पाठीवर सामान घेऊन चालावे लागते, आणि लोकप्रिय ठिकाणी प्रवेशाचा कोटा असतो. स्टेट ट्रस्ट लँड ही नावाने सरकारी असली तरी शाळांसारख्या संस्थांच्या उत्पन्नासाठी राखलेली असते, आणि ॲरिझोनात तिच्यावर राहण्यासाठी विकतचा परवाना घ्यावा लागतो. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी, उदाहरणार्थ नवाहो नेशनची, या सार्वजनिक जमिनी नव्हेतच. त्यांच्या परवान्याशिवाय तिथे मुक्काम करू नये. नॅशनल ग्रासलँड मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतात. साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्काला लागून असलेल्या बफेलो गॅप ग्रासलँडवर फुकट राहता येते, तेही पार्काच्या दारातच.

पूर्वेकडे राहणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे बीएलएमची जमीन नसल्यातच जमा. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना किंवा न्यू हॅम्पशरमध्ये नॅशनल फॉरेस्ट आहेत. न्यूयॉर्क राज्यात मात्र त्याहून मोठी सोय राज्याचीच आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेले ॲडिरॉन्डॅक पार्क सुमारे ६० लाख एकरांचे आहे. त्यातली निम्म्याहून अधिक जमीन खासगी असली, तरी राज्याच्या राखीव जंगलात रस्ता, पायवाट आणि पाणी या तिन्हींपासून १५० फूट दूर तंबू टाकता येतो. झाडावर पिवळी चकती ठोकलेल्या जागी हे अंतरही पाळावे लागत नाही. तीन रात्रींपेक्षा जास्त राहायचे असेल किंवा गटात दहा वा अधिक माणसे असतील, तर रेंजरकडून परवाना घ्यावा लागतो. पूर्वेकडचे नियम इतके नेमके असतात की नवख्याला ते पश्चिमेपेक्षा सोपे वाटावेत.

आता शोधण्याच्या साधनांविषयी. आयओव्हरलँडर, कॅम्पेंडियम किंवा द डर्टसारख्या ॲपवर लोकांनी नोंदवलेल्या जागा सापडतात. रस्त्याची अवस्था, रेंज, शेजारची गर्दी हे तिथून चांगले कळते, पण जमीन कोणाची आणि नियम आज काय, हे तिथून खात्रीने कळत नाही. त्यासाठी मालकी दाखवणारा नकाशा हवा. बीएलएमच्या नकाशांवर त्यांची जमीन पिवळी, फॉरेस्ट सर्व्हिसची हिरवी, राज्याची निळी आणि खासगी पांढरी असते. नेव्हाडा आणि वायोमिंगमध्ये रेल्वेमार्गालगत पिवळे आणि पांढरे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून दिसतात, कारण १८६२ च्या कायद्यानंतर रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेले; तिथे पिवळ्या चौकोनापर्यंतचा रस्ता पांढऱ्यातून जात असेल तर तो बेत सोडलेलाच बरा. उपग्रहचित्रात फांदीसारखा फुटणारा, टोकाशी गोल वळसा घेऊन संपणारा फिकट रस्ता दिसला, तर तिथे बहुधा जुनी मुक्कामाची जागा असते. आणि या सगळ्यांहून माझा भर असतो तो रेंजर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे जंगलाच्या त्या विभागाच्या, कार्यालयाला फोन करण्यावर. कोणते फाटक उघडले, कुठला पूल वाहून गेला, शेकोटीवर बंदी आहे का, ही उत्तरे कोणत्याही ॲपपेक्षा तिथे लवकर आणि खरी मिळतात. मात्र ही कार्यालये शनिवार-रविवारी बहुतेक बंद असतात, म्हणून फोन आठवड्यातच करावा.

आगीचे नियम ऐन मुक्कामाच्या दिवसांत बदलू शकतात. बंदीच्या पहिल्या टप्प्यात सहसा फक्त सोयी असलेल्या रीतसर कॅम्पग्राउंडमधल्या लोखंडी कड्यात शेकोटी चालते, म्हणजेच मोकळ्या जागी ती बंद. दुसऱ्या टप्प्यात ती सगळीकडेच बंद होते आणि बंद करण्याची कळ असलेला गॅस स्टोव्ह तेवढा उरतो. कॅलिफोर्नियात तर कॅम्पग्राउंडबाहेर असा स्टोव्ह पेटवायलाही परवाना लागतो, पण तो फुकट मिळतो. शौचासाठी जंगलात पाण्यापासून २०० फूट दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा पुरतो. वाळवंटी मातीत मैला लवकर कुजत नाही, म्हणून तिथे तो पिशवीत भरून परत नेणे उत्तम. यलोस्टोनभोवतीच्या जंगलांत अस्वलांमुळे अन्न बंदिस्त ठेवण्याचा आदेशच असतो. लहान मुले सोबत असतील आणि पहिलीच वेळ असेल, तर तो भाग मी पहिल्या पसंतीला ठेवणार नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत, साध्या गाडीने, पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने नॅशनल फॉरेस्ट निवडावे आणि आडव्या पाटीच्या रस्त्यावरची, डांबरी रस्त्यापासून मैल-दोन मैलांवरची जागा शोधावी. मोटारहोम घेऊन हिवाळ्यात निघालेल्याला बीएलएमला पर्याय नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या लोकांनी विमानाचे तिकीट काढण्याआधी ॲडिरॉन्डॅकचा नकाशा उघडावा. भारतातून काही आठवड्यांसाठी गेलेल्यांनी मात्र भाड्याच्या मोटारीचा करार आधी वाचावा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तिथे बिघाड झाल्यास विमा लागू होत नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यालगत रीतसर वाहनतळावर गाडी ठेवून अर्धा-एक मैल चालत जाऊन तंबू टाकता येईल, अशीच जागा त्यांनी शोधावी. अशा जागा जंगलांत आणि ॲडिरॉन्डॅकमध्ये पुष्कळ आहेत, बीएलएमच्या वाळवंटात फारच थोड्या.