जांबोटी भागाची जुनी एक इंची टोपोशीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 48 आय/6 या क्रमांकाच्या टोपोशीटची (डोंगर, नाले, वाटा दाखवणाऱ्या नकाशाच्या पत्रकाची) प्रत, कापडावर डकवलेली, घडी घालता यावी म्हणून तुकडे केलेली. एक इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360. मलप्रभेच्या उगमाची कणकुंबी पश्चिमेच्या 48 आय/2 वर जाते, खानापूर पूर्वेच्या 48 आय/10 वर. एका पत्रकावर भागत नाही.

डोंगर जिथल्या तिथे आहेत, त्यामुळे कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) बिनधास्त वापरा. 4 मिलिमीटरात 50 फुटांचे पाच कंटूर दिसले, तर अडीचशे मीटरांत पाऊणशे मीटर चढ आहे. पायवाटांचा मात्र भरवसा नाही. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं. तिथल्या पायवाटांच्या कित्येक तुटक रेघा रानाने गिळल्यात, आणि परवानगीशिवाय आत शिरायचंही नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ते नाले. नकाशावर निळी रेघ म्हणजे पाणी, काळी म्हणजे कोरडं पात्र. मोजणीची पथकं पावसाळा सरल्यावर फिरायची, म्हणून ही कोरडेपणाची खूण. जुलैत त्याच काळ्या रेघेत कमरेएवढं पाणी असू शकतं. आषाढात उतरायचं असेल तर काळ्या रेघाही निळ्याच समजाव्यात.

अंतर मोजताना तुकड्यांमधल्या फटी विसरू नका. 2 मिलिमीटरची फट पट्टीखाली आली की हिशेबात 127 मीटर वाढले! प्रत्येक तुकडा वेगळा मोजा.

मोबाइलवर घ्यायची तर 400 डीपीआयला (इंचाला 400 ठिपके) स्कॅन करा. एक पिक्सेल साधारण 4 मीटर. आधी इमेज एडिटरमध्ये फटी बुजवा, मगच क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 5-5 मिनिटांच्या अक्षांश-रेखांश रेषांचे छेद जागा जुळवायचे बिंदू म्हणून द्या. डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजलेत तो) कल्याणपूर 1975, सॉफ्टवेअरमधला त्याचा कोड ईपीएसजी 4146. घाईत जीपीएसचं डेटम डब्ल्यूजीएस 84 निवडलात तर सगळा नकाशा शंभर-दीडशे मीटर सरकतो, आणि घाटमाथ्यावर तेवढ्यात कडा येतो.

सेलोटेप आणि लॅमिनेशन नकोच. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. कापडामागची खळ हे कसरीचं आवडतं खाणं, त्यात इथला दमट पावसाळा. दर महिन्याला उघडून घडीच्या खाचा तपासा. रानात स्कॅनची प्रिंट न्यावी, मूळ प्रत घरी कपाटात.