ह्यूस्टन नॅशनल सेमेटरी: गेटच्या आत पाच स्टार, गेटच्या बाहेर पाकीट सांभाळा

माझे काकासासरे शिकायला अमेरिकेत आले, ग्रीन कार्ड हातात पडलं आणि मागोमाग ड्राफ्टचं, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीचं, पत्र. व्हिएतनामचा काळ होता, सिटिझन नसलात तरी बोलवायचे. दोन वर्षं करून आले नि नंतर तो विषयच कधी काढला नाही, त्यामुळे ते गेले तेव्हा सैन्याकडून आपल्याला काही मिळतं का हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं.

मिळतं, बरंच मिळतं, आणि तेही नॅशनल सेमेटरीत, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी दफनभूमीत. जागा, खोदणं-बुजवणं, दगड किंवा अस्थींच्या कप्प्यावरची पाटी, कायमची देखभाल, एक झेंडा, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं सर्टिफिकेट, सगळं फुकट, आणि बायकोलाही त्याच जागेत. पाटीवर कुठलं धर्मचिन्ह हवं ते विचारतात आणि यादीत चक्क ॐ आहे, काकूंनी चष्मा पुसून परत बघितलं. अर्ध्या अस्थी नाशिकला रामकुंडात, अर्ध्या इथे भिंतीतल्या कप्प्यात असं केलं. सगळ्या विसर्जित केल्या असत्या तरी नुसता स्मृतीचा दगड मिळाला असता.

फक्त डीडी-214 पाहिजे, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला. आमचा दोन दिवसांनी जुन्या पासपोर्टांच्या पिशवीत सापडला, तोवर कुणी जेवलं नव्हतं. पात्रता जिवंतपणीच तपासून घेता येते, फॉर्म 40-10007, हे आम्हाला नंतर कळलं.

वेळेला मात्र पक्के. अंत्यविधीला शेडखाली वीसेक मिनिटं मिळतात आणि मागे पुढची फॅमिली थांबलेली, तेव्हा आपल्या मंडळींना अर्धा तास आधीची वेळ सांगा (मी सांगितली, तरी चौघे चुकलेच). दोन सैनिक आले, झेंड्याची त्रिकोणी घडी घालून काकूंच्या हातात दिली. बिगुलवाला खरा वाजवतच नव्हता, आत छोटं यंत्र असतं, बटण दाबलं की धून सुरू. हे मला आधी माहीत असूनही हुंदका आवरला नाही.

आता गेटच्या बाहेरचं. फ्युनरल होम (अंत्यविधीची व्यवस्था बघणारी खाजगी कंपनी) आणि दहनाचा खर्च आपलाच. रोख भत्ता सरसकट मिळत नाही, मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर 2,000 डॉलरपर्यंत, नाहीतर अटी आहेत आणि अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आमच्या फ्युनरल होमवाल्याने (नाव नको) 'व्हेटरन पॅकेज' म्हणून जे गळ्यात मारायला बघितलं त्यात झेंड्याचे पण पैसे लावलेले, जो पोस्टात फॉर्म भरून फुकट मिळतो! कलमवार दरपत्रक मागा, 1984 पासून ते द्यायचा कायदाच आहे. मी मागितलं तर झेंडा गेला, 'समन्वय शुल्क' गेलं, लिमोझिनही गेली, आम्ही आपले भाच्याच्या व्हॅनमधून गेलो.

सेमेटरीला पाचपैकी पाच. फ्युनरल होमला दीड, तो अर्धा तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीला, कारण पोस्टाचं तिनेच हळूच सांगितलं.